जेवलीस का, झोप झाली का?

(महाविद्यालयीन प्राध्यापक, पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरची विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. ती पहाटे पाचला उठते. पाणी भरून, भाकरी थापून, धाकट्या भावंडांचे आवरून ती फाट्यापर्यंत चालत येते आणि एस.टी.ने महाविद्यालय गाठते. निघताना घेतलेला घोटभर चहा हाच दुपारी दोनपर्यंतचा तिचा आहार. तिसऱ्या तासाला तिला झापड येते. प्राध्यापक म्हणतात, लक्ष नाही. आई म्हणते, पुस्तक उघडले की हिला झोप येते. हिच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, हे मात्र कोणीच विचारत नाही.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. सुबत्ता वाढल्याच्या वार्ता ऐकण्याच्या काळात रक्त मात्र उतरले! शासनाचा साप्ताहिक लोहगोळ्यांचा कार्यक्रम मुख्यतः शाळा व अंगणवाड्यांमार्फत चालतो. महाविद्यालयाची पायरी चढलेली मुलगी त्यातून सहज निसटते.

वस्तुतः आरंभ करण्यास फार द्रव्य लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने वर्षातून एकदा रक्ततपासणी करता येते. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या सुरू कराव्यात. केवळ आहारावर विसंबू नये. भाजीवर लिंबू पिळल्याने लोह अंगी लागते आणि जेवणासोबतचा चहा ते अडवतो, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असावे. सकाळी आलेल्या मुलांना फुटाणे-गुळाची पुडी मिळावी, अशी सोय गावातील चार कुटुंबे मिळून सहज करू शकतील. माधुकरी मागून आणि वारावर जेवून शिकलेल्या पिढ्यांच्या या महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही.

शरीराचे दुखणे निदान दिसते. मनाचे काय?

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदतयोजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला, त्यातही हा जिल्हा होता. खचलेल्या बापाच्या मनाची दखल घ्यावी लागते, हे एवढ्या वेदनेनंतर का होईना, आपण मान्य केले. परंतु त्याच घरातून सोयाबीनचा पडलेला भाव आणि सावकाराचा तगादा डोक्यात घेऊन वर्गात बसणाऱ्या मुलाकडे कोण पाहणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती.

येथे आपल्या मंडळींना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बलोपासनेची परंपरा विदर्भाला नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला झोप चांगली लागते, सोबती मिळतात, मनही हलके होते. तथापि, दोन-दोन आठवडे ज्याला अन्न गोड लागत नाही, जो मित्रांना टाळतो, जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, त्याला 'सूर्यनमस्कार घाल, सर्व ठीक होईल' असे सांगून वाटेला लावणे हा उपचार नव्हे. मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतो, तालमीत पाठवत नाही. मनाचा आजार हा दुबळेपणा किंवा संस्कारांचा अभाव समजणे, हा त्या मुलावर दुहेरी अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात आहे. शिक्षकेतर हा शब्द महत्त्वाचा. वसतिगृहाच्या खानावळीतील मावशींना कोणाचे ताट तसेच परत आले, हे प्राचार्यांच्या आधी कळते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. वाशीम त्यांपैकी एक. तेथील डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या महाविद्यालयांत यावे, अशी मागणी प्राचार्य आणि पालक मिळून करू शकतात. त्यासाठी निवेदन द्यावे, पाठपुरावा करावा. तोवर केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. प्रत्येक सूचनाफलकावर आणि वसतिगृहाच्या दारामागे हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा.

आणि हजेरीपटावर एखाद्या नावापुढे सलग तीन दिवस 'गैरहजर' पडले, तर चौथ्या दिवशी कोणीतरी दुचाकी काढून त्याच्या घरी जाऊन यावे. जाताना दंडाची नोटीस नेऊ नये.