व्हेक्टर ग्राफिकच्या दोघी

वैयक्तिक संगणकाच्या जन्मकथेत गॅरेजमधल्या तरुण मुलांचीच नावं येतात. आज दोन गृहिणींविषयी ऐकूया.

१९७६ साल. कॅलिफोर्नियातल्या वेस्टलेक व्हिलेजमध्ये राहणाऱ्या लोर हार्प आणि कॅरोल एली या मैत्रिणी स्वतःचा व्यवसाय शोधत होत्या. लोर यांचे पती बॉब यांनी अल्टेअर संगणकासाठी ८ किलोबाइटचं मेमरी बोर्ड तयार केलं होतं. मैत्रिणींनी तेच विकायला घेतलं. लोर यांचं राहतं घर हीच कचेरी. व्हेक्टर ग्राफिक कंपनी उभी राहिली.

तेव्हा संगणक म्हणजे बहुधा सुटे भाग. डाग देऊन आपणच जोडायचे. बोर्ड आतून कसं दिसतं याची फिकीर कोण करणार? एलींनी केली. बोर्डावरच्या कपॅसिटरांचे रंगसुद्धा एकमेकांना शोभावेत, हा त्यांचा आग्रह. मला यात हौसेपेक्षा ग्राहकाचा मान अधिक दिसतो. पुढे कंपनी पूर्ण संगणक बनवू लागली. विकून मोकळं व्हायचं नाही, म्हणून दुकानदारांनाही प्रशिक्षण दिलं जाई.

१९८१ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. त्याच वर्षी आयबीएमचा पीसी आला आणि त्या लाटेत व्हेक्टर टिकली नाही. पण तेवढ्यावरून या दोघींना मोजणं अन्यायाचं आहे.

लोर हार्प मॅकगव्हर्न यांनी पुढे दुसरे पती पॅट्रिक यांच्यासह मोठी देणगी दिली. तिच्यातून २००० साली एमआयटीत मेंदूसंशोधन संस्था स्थापन झाली.