परक्या भाषेत गाणारा बँड

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने १९७५ मध्ये जपानचा पहिला दौरा केला आणि तेथील उत्स्फूर्त स्वागतानंतर, गिटारवादक ब्रायन मे याने रचलेल्या १९७६ च्या ‘तेओ तोरिआत्ते’ या गीताचे ध्रुवपद, म्हणजे कडव्यांनंतर पुन्हा येणारा भाग, जपानीत गायले. २७ जुलै १९८६ रोजी बुडापेस्टच्या नेपश्टादिओन क्रीडागारात, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने तर तळहातावर शब्द लिहून एक हंगेरियन लोकगीत सादर केले. याला भाषाज्ञान म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र हंगेरियनमध्ये आघात, म्हणजे उच्चारातील जोर, नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडत असल्याने, असे उच्चारानुसारी पाठांतर गायकाला तुलनेने सुकर होत असावे.