कुळाला जमीन सोडायची नोटीस : मालकाने कशी द्यावी, कुळाने काय करावे



सुगी आटोपते, खळी रिकामी होतात, आणि एखाद्या कुळाच्या दारात निरोप येतो : "यंदापासनं रान सोडा, मालक स्वतः कसणार हायती." बस्स, एवढंच. कूळ घाबरतं. कोणी भांडायला उठतं, तर कोणी मुकाट्यानं औत सोडून घरी बसतं. मंडळी, या दोन्ही गोष्टी चुकीच्या. तोंडी निरोपाने कुळवहिवाट मोडत नाही. आणि मालकांनीही ऐकावे : तक्रार खरी असली, पण नोटीस चुकली, तर तहसीलदारांपुढे तुमचा अर्ज टिकत नाही. म्हणून आजच्या चार गोष्टी दोघांसाठीही आहेत.

आपण बोलतो आहोत ते १९४८ च्या कुळकायद्याबद्दल. हा पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशाला लागू आहे. मराठवाड्यासाठी १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा कायदा वेगळा आहे. तिकडच्या मंडळींनी आपल्या तहसील कचेरीत चौकशी करावी.

पहिली गोष्ट, तुम्ही अजून कूळच आहात का, ते बघा. १ एप्रिल १९५७ या दिवशी पुष्कळ कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली. किंमत ठरून, ती भरून खरेदीचा दाखला मिळाला असेल, तर तुम्ही मालक झालात, नोटिशीचा प्रश्नच उरला नाही. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल, तर ही खरेदी पुढे ढकललेली असते. अशा ठिकाणी कुळवहिवाट पुढे चालू राहिली.

आता, जमीन काढून घेण्याची कारणे कोणती? "कराराची मुदत संपली" एवढे कारण पुरत नाही. "मला स्वतः कसायची आहे" म्हणावे, तर त्यासाठी नोटीस देण्याची सर्वसाधारण मुदत ३१ डिसेंबर १९५६ लाच संपली. विधवा, अज्ञान, सैन्यातले जवान अशा काही मालकांसाठी वेगळ्या तरतुदी व मुदती आहेत, एवढेच. बाकी कायद्याच्या १४ व्या कलमात कुळाच्या कसुरी सांगितल्या आहेत : वर्षाचा खंड ३१ मेच्या आत न देणे, जमिनीची कायमची नासाडी करणे, कायदा मोडून जमिनीचे तुकडे पाडणे किंवा ती पोटकुळाला देणे, स्वतः न कसणे, आणि शेतीखेरीज दुसऱ्याच कामाला जमीन वापरणे.

यातली कसूर घडली असेल, तर मालकाने लेखी नोटीस द्यायची. तीत गट नंबर, क्षेत्र, कुळाचे नाव स्पष्ट लिहावे. कुळवहिवाट संपवण्याचा निर्णय घेतला आहे हे लिहावे, आणि कारण नेमके लिहावे. "तुमची वागणूक बरी नाही" असे मोघम नको. "अमुक सालचा इतका खंड दिला नाही" असे हवे. नोटीस पूर्ण ३ महिन्यांची पाहिजे. हातात दिली तर दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. पोस्टाने पाठवली तर पोहोच जपून ठेवा.

हे ३ महिने कशासाठी? तर कुळाला चूक सुधारता यावी म्हणून. या मुदतीत कसूर दूर केली, तर त्या कारणावर जमीन जात नाही. जमिनीची नासाडी केल्याची तक्रार असेल, तर जमीन पूर्ववत करायला नोटिशीपासून १ वर्ष मिळते.

खंडाच्या थकबाकीत आणखी एक सवलत आहे. प्रकरण तहसीलदारांकडे गेले, तरी थकलेला खंड आणि खर्च १५ दिवसांत भरण्याची संधी ते कुळाला देतात. भरला की कुळवहिवाट कायम. पण याच भरवशावर राहू नका. ३ वर्षांचा खंड थकला आणि मालकाने प्रत्येक वेळी ३ महिन्यांच्या आत तसे कळवले असेल, तर ही सवलत मिळत नाही. खंड दिला की पावती मागा. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. मालक खंड घेतच नसेल, तर तो त्याच्या बँक खात्यात भरा आणि तसे लेखी कळवा. दुष्काळात सरकारने शेतसारा तहकूब किंवा माफ केला, तर खंडातही त्या मानाने सवलत मिळते, हेही विसरू नका.

नोटिशीची मुदत संपली, म्हणजे मालकाने सकाळी नांगर घेऊन रानात शिरायचे का? मुळीच नाही! मालकाने तहसीलदारांकडे अर्ज करायचा. हक्क निर्माण झाल्यापासून २ वर्षांच्या आत करायचा. दोन्ही बाजूंची चौकशी होऊन हुकूम झाला, तरच कब्जा मिळतो. हुकुमाशिवाय कब्जा घेणाऱ्याचे पीक जप्त होऊ शकते, शिवाय शिक्षाही आहे. हुकूम पसंत नसेल, तर ६० दिवसांत अपील करता येते.

आणखी एक धोका. "एवढ्या कागदावर अंगठा करा, बाकी आम्ही बघतो" असे कोणी म्हणाले, तर हात मागे घ्या. कुळाने जमीन आपखुशीने सोडायची, तरी तो राजीनामा लेखी लागतो आणि तहसीलदारांसमोर पडताळून घ्यावा लागतो. घरच्या ओट्यावर घेतलेला अंगठा म्हणजे राजीनामा नव्हे.

देवस्थान, शिक्षणसंस्था, स्थानिक संस्था यांच्या काही जमिनींना यातली बरीच कलमे लागू नाहीत. त्यांचे आधी विचारून घ्या.

तर कुळांनो, नोटीस आली की ती फाडू नका आणि घेण्याचे टाळूही नका. मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. सातबाराचा ताजा उतारा काढा, "इतर हक्कां"त आपले नाव आहे का ते बघा, पीकपाहणी बघा. पावत्या एका पिशवीत ठेवा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते, गरजूंना तिथे वकिलाची मदत फुकट मिळते.

आणि मालकांनो, तीन महिने थांबणे जड वाटते खरे. पण बांधावर डोकी फुटल्यावर कोर्टात जी वर्षे जातात, त्यापुढे हे तीन महिने काहीच नाहीत. कागद नीट ठेवा, म्हणजे गावातला शेजारधर्मही टिकेल.

रामराम मंडळी.