सत्तर टक्के कशाचे?



वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आलेले ७०:३० हे प्रादेशिक सूत्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले. ते रद्द व्हावे ही मराठवाड्याची जुनी मागणी होती. ज्या मागास विभागाच्या हिताचे म्हणून हे संरक्षण उभे राहिले, त्याच विभागाला ते नकोसे व्हावे, या गोष्टीचा उलगडा झाल्याखेरीज प्रादेशिक न्यायाचा प्रश्न नीट मांडता येणार नाही.

१९५३ च्या नागपूर कराराने व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणातील प्रवेश त्या त्या विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे मान्य केले होते. पुढे राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमानेही तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची हमी दिली. परंतु प्रत्यक्षात प्रवेश विद्यापीठक्षेत्रांपुरते मर्यादित होत गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९८६ मध्ये निदामर्ती महेशकुमार खटल्यात न्यायालयाने ही कडेकोट विभागणी अमान्य केली. मात्र विदर्भ-मराठवाड्याचे मागासलेपण ध्यानात घेऊन, खुल्या जागांपैकी जास्तीत जास्त ७० टक्के त्याच क्षेत्रात शिकलेल्यांसाठी राखण्यास मुभा दिली.

खरी मेख येथे आहे. करारातील प्रमाण लोकसंख्येशी जोडलेले होते. सूत्रातील प्रमाण अस्तित्वात असलेल्या जागांशी. सत्तर टक्के म्हणजे किती, हे विभागात महाविद्यालये किती यावर ठरणार! २०२० मध्ये मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून सरकारी वैद्यकीय महाविद्यालये चार होती: त्या वेळचे औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. एकट्या मुंबई शहरात शासन व महापालिका यांची मिळून पाच. म्हणजे मराठवाड्यातील विद्यार्थ्याला आपल्या घरच्या तुटपुंज्या जागांत मोठा वाटा मिळाला आणि त्याच न्यायाने मुंबई-पुण्याकडील विपुल जागांचा मोठा हिस्सा त्याच्यासाठी बंद झाला. रिकाम्या कोठाराला भक्कम कुलूप लावावे, तशातली ही गत. जागांच्या अनुशेषावर मात्र त्या कुलपाचा काहीच परिणाम होत नव्हता.

शिवाय ‘विभाग’ ठरे तो विद्यार्थी बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून. ज्या पालकाच्या गाठीला पैसा आहे, तो मुलाला अकरावीलाच पुण्यात ठेवून त्याचा विभाग बदलून घेऊ शकत होता. ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या बीडच्या मजुराला असा पर्याय कोठून असणार? लातूरचे नामांकित शिकवणीवर्ग आणि त्या मजुराची वस्तीशाळा सरकारदप्तरी एकाच विभागात मोडत होती. प्रादेशिक विषमतेची भाषा बोलताना विभागाच्या पोटातील वर्गीय विषमता आपल्या चळवळीनेही पुष्कळदा नजरेआड केली, हे कबूल केले पाहिजे.

सूत्र गेल्यामुळे गुणवत्तेचा विजय झाला असे जे सांगतात, त्यांना राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा खर्च विचारावा. सूत्र असताना गाव आडवे येत होते ते नियमाच्या रूपाने. आता येते ते जवळ विज्ञानाचे धड कनिष्ठ महाविद्यालय नाही, प्रयोगशाळा नाही आणि शहरातील खोलीभाडे परवडत नाही, या रूपाने. नियमाविरुद्ध निदान न्यायालयात तरी जाता येत होते.

म्हणून मागणी जुन्या सूत्राच्या पुनरुज्जीवनाची नव्हे. लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी जागा आणि तालुक्याच्या ठिकाणी विनाशुल्क तयारी, ही ती मागणी आहे. २०२० नंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथे सरकारी महाविद्यालये निघाली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. तेथे अध्यापकांची पदे भरली आहेत काय, रुग्णालये पूर्ण क्षमतेने चालतात काय, याची विचारणा त्या त्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी करावयाची आहे. ही विचारणा ज्यांनी करावयाची, त्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीच, म्हणजे सूत्र रद्द होण्यापूर्वी चारच महिने, संपली होती.