कॉलरचे फुगे आणि कापलेली मजुरी
(प्रकाशा येथे शिवणकाम करणाऱ्या बायांच्या बैठकीतील भाषण)



गेल्या खेपेला तुम्ही शिवलेल्या कॉलरी पहिल्याच धुण्यात फुगल्या. 'बायांना इस्त्री धरता येत नाही,' म्हणत ठेकेदारानं मजुरी कापली. आपण गप्प बसलो. आज जरा खोलात जाऊ.

फ्युझिंगच्या कापडावर ठिपक्याठिपक्यांचा डिंक असतो. तो इस्त्रीनं वितळतो, थंड झाला की कापडाला धरतो. पण सगळे डिंक सारखे नसतात. ईव्हीए साधारण ७० ते १०० अंशांत वितळतो, हलकं पॉलिथिन ११०च्या आसपास, घट्ट पॉलिथिन १३०च्या.

हिशेब साधा आहे. डिंक वितळवणारी उष्णता कापडाला सोसली पाहिजे आणि धुण्याचं पाणी त्याहून बरंच थंड पाहिजे. सुती कापड कडक इस्त्री सोसतं. त्याला घट्ट पॉलिथिन चालतं. नायलॉनला कमी उष्णतेचाच डिंक लागतो. मग तो कपडा उकळायचा नाही.

आपण सोडा घालून कपडे उकळतो. तिथे ईव्हीए टिकणार कसा? इस्त्री कमी पडली तरी फुगे येतात, हेही खरं. म्हणून दोष कुणाचा, ते आपणच तपासायचं.

नवा माल आला की आधी चिंधीवर नीट दाबून लावा. थंड होऊ द्या. मग उकळा, वाळवा, ओढून पाहा. सुटला तर ती चिंधी ठेकेदारासमोर ठेवा. डिंक कोणता, किती अंशांचा, हे लिहून मागा. माल निवडणार तो, तर चुकीच्या मालाची भरपाई आपल्या मजुरीतून का?