झरीची सभा

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत आणि त्यापलीकडे, समुद्रकाठी, 1969 पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र आहे. पूर्वेस महामार्ग ओलांडला की डोंगरपट्टी लागते. पालघर जिल्ह्याची ओळख करून देताना आपण बहुधा पश्चिमेकडे बोट दाखवतो. मला आज डोंगरपट्टीतल्या वारली आदिवासींविषयी बोलावयाचे आहे, कारण या भूमीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना त्यांच्या हातून घडली आहे.

जी जमीन वारल्यांनी रान तोडून लागवडीस आणली, ती सावकारी दस्तऐवजांच्या बळावर परक्यांच्या नावे चढली. कसणारा कूळ झाला आणि कुळावर वेठ लादली गेली. लग्नाकरिता थोडी रक्कम कर्जाऊ घेतलेल्या तरुणाने बायकोसह त्या कर्जापोटी धनकोच्या घरी राबावे, त्यास लग्नगडी म्हणत. आणि ते राबणे पुष्कळदा आयुष्य सरले तरी फिटत नसे. पावसाळ्यात पोटासाठी उसनी उचललेली खावटी सुगीला दीडपट, प्रसंगी दुप्पट परत करावी लागे. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने या जुलमाचे सविस्तर वर्णन 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला सादर केले होते. परंतु अहवाल दफ्तरी दाखल झाला आणि वेठ चालूच राहिली.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले, तेथे काही वारली गेले व त्यांनी आपली कैफियत मांडली. त्यानंतर किसान सभेचे कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर या मुलखात आले, आणि 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारल्यांची सभा भरून तिने ठरविले की, यापुढे वेठ करावयाची नाही, आणि रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतात पाऊल ठेवावयाचे नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या मालकापुढे मान वर केली नव्हती, त्यांनी केलेला हा ठराव मला कोणत्याही सरकारी फर्मानाहून थोर वाटतो. गावोगावचे लग्नगडी मुक्त झाले. वारली गोदावरीबाईंना गोदाराणी म्हणू लागले. पुढे गवत कापणीच्या मजुरीवरून संप पेटला आणि ऑक्टोबरात तलवाड्याच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले. त्यांची नावे किती शाळांत सांगितली जातात?

वेठ गेली, जमिनीचा प्रश्न मात्र राहिला. कूळकायदा आला, 2006 साली वनहक्कांचाही कायदा झाला, तरी दावे कचेऱ्यांत तुंबले आणि भात झोडून झाले की डोंगरपट्टीतली माणसे मजुरीसाठी बोईसरच्या नाक्यावर उभी राहू लागली. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो पायी मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी वनजमिनींचीच मागणी होती, आणि दाव्यांचा निकाल लावण्याचे लेखी आश्वासन सरकारकडून घेऊनच मोर्चेकरी घरी परतले.