कळसूची अट

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)

सकाळपासून आपण रेशन, पोटगी आणि घरातली मारहाण यांवर बोललो. आता मी सहलीवर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. चळवळीच्या व्यासपीठावर सहल कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण बाईला कशासाठी घराबाहेर पडता येतं आणि कशासाठी नाही, हा आपल्याच चळवळीचा प्रश्न आहे.

गेल्या जुलैत आमच्या वस्तीगटाच्या चौदा जणी कळसूबाईला गेलो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं हे शिखर १६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. आमच्यातल्या नऊ जणी धुणीभांडी करणाऱ्या. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळाली तो रविवार नेमका भर पावसाळ्यातला निघाला. ऋतू निवडायची चैन आम्हाला नव्हती.

घरोघरी एकच वाक्य ऐकावं लागलं, "एवढ्या पावसात बायकांनी कशाला जायचं?" सासवा म्हणाल्या, नवरे म्हणाले, एकीचा बारावीतला मुलगाही म्हणाला. पायथ्याच्या बारी गावात पोचलो तर तिथे भाताची आवणी चालू होती. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या बाया गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. तोच पाऊस, तोच वारा. एवढ्या पावसात बायकांनी कशाला, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. मैत्रिणींनो, कामासाठी भिजलेली बाई सगळ्यांना चालते, हौसेसाठी भिजलेली चालत नाही. म्हणजे अडचण पावसाची नसते, हौसेची असते.

पण याचा अर्थ पाऊस खोटा असतो असा नाही. वाट उभी आहे, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. वर जाऊ तसं धुकं दाटत गेलं आणि वारा अंगावर येऊ लागला. शेवटच्या शिडीच्या अलीकडे चहाचं छप्पर टाकून बसलेली एक म्हातारी मावशी म्हणाली, "बायांनो, वारा बरा न्हाई आज. शिडीवर नका चढू. कळसूबाई काय पळून चाललीय का?"

आम्ही तिथेच बसून चर्चा केली. चार जणींना वर जायचंच होतं. एक म्हणाली, "ताई, एवढं भांडून आले, आता खालून परत गेले तर घरचे म्हणतील, सांगत नव्हतो?" तिचं म्हणणं खरं होतं. तरी ओल्या शिडीवर, अशा वाऱ्यात, पुढची बाई दिसत नसताना चढणं बरोबर नाही, असं बहुतेकींचं मत पडलं. शेवटी त्या चौघीही पटून थांबल्या. आम्ही मावशीकडे पिठलं-भाकरी खाल्ली, गाणी म्हटली आणि उजेड असताना उतरलो.

काही जणी विचारतील, मग घरच्यांनी अडवलं आणि मावशीने अडवलं, यात फरक काय? मावशीने वाऱ्याबद्दल माहिती दिली, आमच्या बाईपणाबद्दल नाही. तिने सांगितलं आणि निर्णय आमच्यावर सोडला. संरक्षणाच्या नावाखाली आपल्याला बहुतेकदा बंदी मिळते, माहिती मिळत नाही. वीज कडाडू लागली की उघड्या माथ्यावर थांबू नये, लोखंडी शिडीला हात लावू नये, एकट्या झाडाखाली उभं राहू नये, हे आपल्यापैकी किती जणींना कुणी शिकवलंय? 'जाऊ नको' मात्र सगळ्यांनी शिकवलं.

आता ज्या कळसूच्या डोंगरावर आम्ही गेलो, तिची गोष्ट ऐका. अहमदनगर जिल्ह्याच्या १८८४ सालच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदवलेली आहे. कळसू ही रानात भटकायची आवड असलेली कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग घरातल्या कुणीतरी तिला तेच काम सांगितलं. तिने ते केलं आणि तडक डोंगर चढून गेली, ती मरेपर्यंत वरच राहिली. तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

आज वर तिचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते, बाया नवस बोलतात. आपण तिची ओटी भरतो, तिची अट मात्र विसरलो. ही गोष्ट मी खाली उतरताना सांगितली, तेव्हा भांडी घासणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, "अट मोडली तर काम सोडता येतं, हे तिला कुणी सांगितलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. कळसूजवळ रान होतं. आपल्या मैत्रिणीजवळ खोलीचं भाडं आणि पोरांची फी आहे. म्हणून अट एकटीने घालून भागत नाही, ती संघटनेने घालावी लागते.

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस फक्त हिंडायला ठेवावा. देवदर्शन, लग्न, दवाखाना असं कुठलंही निमित्त सांगू नये. वाटेची आणि हवेची माहिती आपणच काढावी, जायचं की परतायचं ते आपणच ठरवावं. आणि त्या दिवशी घरची भांडी कोण घासणार, हे निघण्याआधी घरात बोलून घ्यावं. आमच्या चौदांपैकी अकरा जणींना रात्री परतल्यावर मोरीत ढीग तसाच सापडला. पुढच्या वर्षी हा आकडा किती होतो, ते मी इथेच येऊन सांगेन.